निखळलेला खुबा

ट्रकच्या आरशाला तोमे कुत्रीचा जीपीएसचा पट्टा लटकत होता. मागचा पिंजरा रिकामा होता.

अंगणात शिकारी रानडुक्कर सोलत होते. मधूनच साके दारूचे घोट, मधूनच हसणं. किनुए पट्टा घेऊन थेट नवऱ्यापुढं उभी राहिली.

“तोमे कुठाय?”

“हरवली.” गेन्झोची सुरी थांबली नाही. “डुकरामागं गेली, ती आलीच नाही.”

“हा पट्टा कशाला बांधता? कुत्री डोंगरात कुठं आहे ते कळावं म्हणून ना? मग हरवायच्या आधी तिनं तो आपल्या हातानं काढून आरशाला अडकवला होय?”

कुणीतरी फिसकन हसलं. गेन्झोचं तोंड उतरलं, पण आवाज चढला. “डुकरानं उडवलं तिला. मागचा पाय कामातून गेला. लंगडी कुत्री घेऊन काय करू, देव्हाऱ्यात बसवू?”

“कुठं सोडलीत?”

तो पुन्हा डुकराकडं वळला. आतडी धुणारा यासुओ मान खाली घालूनच पुटपुटला, “वैनी, जंगलचा रस्ता संपतो ना, तिथं.”

किनुएनं ट्रक काढला.

चिखलात गाडी वळवल्याच्या खुणा होत्या, त्याच जागी तोमे बसली होती. पांढऱ्या अंगावर रक्त सुकलेलं. परत घ्यायला येतील, म्हणून ती तिथून हललीच नव्हती.

दवाखान्यात डॉक्टर उबुकाता बाईंनी तिचे मागचे दोन्ही पाय सरळ ताणून पाहिले. डावा आखूड भरत होता. गुडघा नि पंजा बाहेरच्या बाजूला वळले होते.

“पडली का?”

“टाकली.”

बाईंनी एक्स-रे काढला. “मोडलं काही नाही. खुब्याचा गोळा खोबणीतून निसटून वर सरकलाय. बरं झालं, आजच आणलीत. आठवडा गेला असता तर नुसतं ओढून बसला नसता, कापावं लागलं असतं.”

तोमेला भूल दिली. जांघेतून टॉवेल घालून त्याची दोन्ही टोकं किनुएच्या हातात दिली. बाई पाय ओढू लागल्या, किनुए उलट बाजूला. तिच्या मनगटाच्या शिरा तटतटल्या.

“किनुएसान, हळू. नुसतं धरून ठेवा.”

किनुएनं दात आवळले. बाईंनी पाय ओढत आत वळवला. खट्ट! गोळा खोबणीत बसला, टेबलातूनही तो हादरा जाणवला. मग बाईंनी पाय दुमडून पोटाशी पट्ट्यांनी बांधून टाकला.

“दोन आठवडे हा जमिनीला लागता कामा नये. उड्या नाहीत, जिने नाहीत. पुन्हा निसटू शकतो. पण जपलंत तर पळेलसुद्धा.”

बाहेर किनुएनं गुंगीतल्या तोमेला सीटवर निजवलं, तेवढ्यात यासुओच्या गाडीतून गेन्झो उतरला.

“खुबा निखळलाय नुसता,” किनुए म्हणाली.

“मला वाटलं, हाडाचा चुराच झाला.”

“हात लावून पाहिलंत?”

खिडकीतून वाकून त्यानं आत पाहिलं. “निखळलाच होता तर ठीक आहे. पुढच्या मोसमापर्यंत होईल तयार. चल, घरी चल. माणसं जेवायची थांबलीत.”

“मी ताईकडे चाललेय. शिंगूला.”

“आणि कुत्री?”

“बाजूला हो,” किनुए म्हणाली.

एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून असं एकेरी त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्याचा हात खिडकीवरून आपोआप खाली आला.

“अगं, पण तोमे माझी…”

त्याचा आवाज ऐकून तोमेनं जड डोळे किलकिले केले. मान उचलेना. पण शेपटी सीटवर आपटू लागली. थप, थप, थप.

“नको गं,” किनुए ओरडली. “त्याच्यासाठी नको!”

तिनं काच वर केली, गाडी काढली. वळणाआड तो दिसेनासा झाला, तरी ती शेपटी थांबली नव्हती.