नऊ गोधड्या

“सूनबाई, संकष्टी घरच्या देवापुढंच सोडायची,” असं सासूबाई सांगून गेल्या. बावीस वर्षं मी तो नेम पाळला. आज संकष्टी, आणि आजच वसमतला माझ्या वैष्णवीच्या रॉक बँडचा पहिला अल्बम निघणार होता. हळदीच्या गोदामात रेकॉर्डिंग करताना पत्र्यामुळं ड्रम घुमायचा, म्हणून मीच घरातल्या नऊ गोधड्या भिंतींना टांगल्या होत्या. “आई, कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसशील ना?” तिनं तेव्हा विचारलं. तिथी न पाहताच मी शब्द दिला. “नेम मोडून धांगडधिंगा ऐकायला काहून चालल्या?” जाऊबाईंनी हटकलं. मी अल्बमचं कव्हर पुढं केलं. वादकांच्या नावांखाली छापलं होतं, ‘गोधड्या: शकुबाई.’ “हे तुमचं नाव हाय व्हय?” त्यांनी दोनदा वाचलं. चंद्र वसमतलाही उगवतो, असं मी देवाला हळूच सांगितलं, मोदकांचा डबा पदराखाली घेतला आणि एसटीकडं निघाले.