जावांची जोडी

गोदाक्कांनी पडद्यावर संमतीचा अंगठा टेकवला की त्यांच्या हॉकी संघातली सुगंधा नागपूरच्या संघाकडे जाणार होती. लीगच्या यंत्रानं नाड्या मोजून ठरवलं होतं, की सुगंधा आणि तिची जाऊ रंजना शेजारी खेळल्या की दोघींचं रक्त तापतं. जोडी फोडा, गोल वाढतील.

"एका चुलीवर नांदतात त्या, रक्त तापणारच," गोदाक्का म्हणाल्या. "पण एकीनं हात पुढं केला की दुसरीला न बोलता कळतं, मीठ हवंय का तिखट. चेंडूचंही तसंच."

"नकार दिलात तर संघ लीगमधून बाद होईल, अक्का," व्यवस्थापक कुजबुजला.

अक्कांनी अंगठा मुठीत दाबला. "होऊ दे. खेळायची खुमखुमी असेल त्यानं आमच्या मैदानावर यावं. दोघींना आघाडीला लाव, शेजारी शेजारी. अन् भांडल्या तर मध्ये पडू नकोस."