दुसऱ्याचा सोपान

सोजराबाई पिंपरीच्या दवाखान्यात शिरली ती ऊर बडवतच. 'तुमचा मुलगा सोपान बांधकामावरून पडला, ताबडतोब या,' एवढाच निरोप साताऱ्याकडच्या तिच्या गावी पोचला होता.

खाटेवरच्या पोराच्या डोक्याला पट्टी होती. तिनं वाकून त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि थबकली.

"ह्यो माझा सोपान न्हाई." मग जोरात म्हणाली, "न्हाई वं! ह्यो माझा न्हाईच!"

ती मटकन फरशीवर बसली. हसू आणि रडू एकदमच आलं.

फौजदार उद्धवराव खाटेशी उभे होते. त्यांच्या हातात नव्या कारखान्याच्या बांधकामावरचं ओळखपत्र होतं. नाव सोपानचं, गाव सोजराबाईचं, खाली गोल शिक्का. सगळं खोटं.

"हे कुणी विकलं तुला?" त्यांनी पोराला विचारलं. "नाव सांगितलं नाहीस, तर सगळं तुझ्या एकट्याच्या अंगावर येईल."

पोरगा सकाळपासून गप्प होता. नाव फोडलंस तर इथं कुठंच काम मिळू देणार नाही, असा दम विकणाऱ्यानं त्याला दिला होता. आता तो फरशीवरच्या बाईकडं बघत राहिला.

"मावशी, तुमचा सोपान बरा हाय," तो म्हणाला. "हितलं काम सोडून दापोडीला लागलाय. म्हणूनच त्याचं नाव मला दिलं. मी ज्योतीराम, अंबडचा." मग फौजदारांकडं वळला. "दापोडीचा मालोजी, शिक्के बनवणारा. काम सोडून गेलेल्यांच्या नावानं असली ओळखपत्रं विकतो तो. लई जणांनी घेतलीत."

उद्धवरावांनी टोपी चढवली. "आजच उचलतो त्याला. विकणाऱ्याला तुरुंग चुकत नाही. तू कोर्टात हेच सांग. घाबरू नकोस, तुझ्यासाठी मी शब्द टाकीन."

ज्योतीरामनं डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी त्याचा श्वास मोकळा झाला.

"चला बाई," उद्धवराव म्हणाले. "दापोडीलाच निघालोय. पोराला डोळ्यांनी बघा."

सोजराबाई लगबगीनं उठली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"ह्याच्यापाशी कोन हाय?"

"कुणी नाही. आईला आत्ता कळवू. अंबडहून यायला वेळ लागेल."

ती परत आली. खाटेच्या कडेला बसली, पदरानं ज्योतीरामचं कपाळ पुसलं.

"तुमी जावा, फौजदारसाहेब. सोपानला हिकडंच घिऊन या. ह्याची आई येईस्तवर मी हितं हाय."