बाष्पीभवनानंतर

गोदाबाईंनी दुसरा घोट घेतला आणि फुलपात्र खाली ठेवले.

“याच्यात तं काहीच नाही रे.”

त्यांच्या धाकट्या मुलाला, श्रीकांतला, ही प्रशंसा वाटली. काहीच नसणे हेच त्या पाण्याचे वैशिष्ट्य होते. सौराष्ट्रात, पाच वर्षांपूर्वी विलीन झालेल्या एका संस्थानाच्या किनाऱ्यावर, तो समुद्राच्या पाण्यापासून पिण्याचे पाणी करत असे. उथळ काळी तबके, वर तिरप्या काचा. उन्हाने वाफ होई, काचेवर थेंब जमत, पन्हळीत उतरत. त्यातली एक बाटली लाखेने बंद करून त्याने बुऱ्हाणपूरपर्यंत मांडीवर आणली होती.

“एवढ्या लांबून पाणी?” शेजारची कोकिळा दारातून हसली. “आपल्या कुंडी भंडाऱ्याच्या विहिरींचं आटलं का, भाऊ?”

गोदाबाई हसल्या नाहीत. गेल्या पत्रात त्यांनी एकच मागणे लिहवून घेतले होते: येताना समुद्राचे पाणी आण. त्यांचा थोरला, नंदकुमार, अकरा वर्षांपूर्वी युद्धात जहाजासह बुडाला होता. देह मिळाला नाही. दर्भाचा पुतळा करून विधी उरकावा, असे गुरुजींनी सुचवले. “गवताला मी माझा पोरगा म्हणणार नाही,” एवढेच त्या बोलल्या. तेव्हापासून त्या वाट पाहत होत्या. कशाची, हे श्रीकांतने विचारले नव्हते. मोजता न येणाऱ्या गोष्टींची तो चौकशी करत नसे.

“हे समुद्राचंच आहे, माय. शुद्ध केलेलं. वर जातं ते फक्त पाणी. बाकी सगळं खाली राहतं.”

“सगळं?”

“सगळं. लिटरला पस्तीस ग्रॅम.”

“मग ते कुठं आहे?”

फेकून देतो, असे तो म्हणणार होता. पण नागपूरच्या प्रयोगशाळेत तपासायला द्यायची एक काचनळी ट्रंकेत होती. त्याने ती आणून दिली. गोदाबाईंनी ती उजेडात धरली. आत पांढरे, किंचित ओलसर कण होते.

“मीठ आहे ते, माय.”

“ते मलाही दिसतं. पण पाणी सोडून बाकी सगळं खाली राहतं, असं तूच म्हणाला ना?”

विधान त्याचेच होते आणि बरोबर होते.

सकाळी राजघाटावर गोदाबाई तापीत गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. पायरीवर बसलेल्या गुरुजींनी श्रीकांतच्या हातातल्या नळीकडे पाहून विचारले, “काय आणलंय?”

नळीवर त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी होती: टाकाऊ. त्याने ती नखाने खरवडून काढली.

“माझा मोठा भाऊ,” तो म्हणाला.