अमरची चाल

सासूला भर दुपारी परड्यात गडीमाणसागत चालायला लावणारी सून झुंबरबाईनं उभ्या जन्मात बघितली नव्हती. नुसतं चालून भागत नव्हतं. चाललेलं मोबाइलात धरायचं, आणि वर पुन्हा मागं फिरा म्हणायचं.

"तसं न्हवं, आत्ती. ह्यांच्यागत चाला की."

"मी काय तमाशातली हाय व्हय गं? गल्ली बघाय लागलीया!"

बघत होती एकटी शेजारची बनाबाई, कुंपणापलीकडून, शेंगा फोडायच्या निमित्तानं. संयोगिता शाहूपुरीत अ‍ॅनिमेशन शिकायला जाते, हे तिला झुंबरबाईनंच सांगितलं होतं; पण सांगताना 'अ‍ॅनिमिया' म्हणाली होती. तेव्हापासून बनाबाई पोरीच्या रक्ताची चौकशी करायची आणि आठवड्याला दोन बीट आणून द्यायची.

शनिवारी क्लासात चालणारं काहीतरी काढून दाखवायचं होतं. बाकीच्यांनी भुतं घेतली, हत्ती घेतले. संयोगितानं नवरा घेतला. अमरसिंहाला जाऊन तेरा महिने झाले होते. नमुन्याला म्हणून तिनं घरातले सगळे व्हिडिओ उपसले. जत्रेचे होते, बारशाचे होते, म्हैस व्यालेली तोसुद्धा होता. पण मोबाइल कायम अमरच्याच हातात. त्याचा आवाज सापडला, "आई, हस की जरा." दोन ठिकाणी सावली सापडली. माणूस कुठंच नव्हता.

"तोंड आठवतंय, आत्ती," संयोगिता खाली बघून म्हणाली. "चालणं आठवंना झालंय. आठ वर्षं त्यांच्या मागनं चालले, पर कधी बघितलंच न्हाई."

नवऱ्याची चाल इसरती ती कसली बायको, हे झुंबरबाईच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. पायातल्या चपला काढल्या, पदर खोचला.

मग ती चालली. डावा पाय जरा बाहेर टाकत. उजवा खांदा खाली सोडून. दहा वर्षांचा असल्यापासून लेकाच्या त्या हातात दुधाची किटली, त्यामुळं हात मोकळा असला तरी तो किटली असल्यागतच चालायचा. भिंतीपर्यंत गेली. वळताना आधी मान वळवली, मग अंग.

बनाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अगं बया... अमर!" ती म्हणाली, आणि तिनं तोंडावर हात दाबला.

झुंबरबाई मात्र थांबली नाही. सून "झालं आत्ती, पुरं" म्हणत राहिली, तरी तिनं आणखी तीन फेऱ्या घातल्या.

शुक्रवारी तिन्हीसांजेला संयोगितानं लॅपटॉप स्वयंपाकघरात आणला. पांढऱ्या पडद्यावर रेघांचा एक माणूस चालत होता. नाक नाही, डोळे नाहीत. खांदा तेवढा होता. झुंबरबाईचे भाकरी थापते हात थांबले. तवा तापून धुरावला, तरी कोणी गॅस बारीक केला नाही.

"कवाधरनं चालतोय," झुंबरबाई म्हणाली. "अजून पोचला कसा न्हाई?"

"पोचत न्हाईत, आत्ती. जागच्या जागीच चालत्यात, असंच काढायचं असतंय. आता मागं रस्ता काढायचा आणि तो सरकवायचा. मग चालत लांब गेल्यागत दिसत्यात."

पिठाचे हात तसेच धरून झुंबरबाई बघत राहिली. तो चालत होता, आणि होता तिथंच होता.

"शिकलीस, पर अक्कल न्हाई आली तुला, संयोगे," ती म्हणाली. "एवढा घरात आणलास त्याला, आणि आता रस्ता कशाला दितीस?"