राखलेलं गवत

खर्रर… खर्रर… सकाळच्या शांत घरात दगडावर विळा घासल्याचा आवाज झाला आणि चार वर्षांची बनी जागी झाली. उंबऱ्यापाशी तिची आई हरणा धार लावत बसली होती.

दसऱ्याला डोंगराकडचं गवत ऐन फुलोऱ्यात होतं. शेजारच्या बयाबाईंनी तेव्हाच टोकलं होतं, "आगं, आत्ताच काप. पेंढ्या कमी निघतील, पर गाय चवीनं खाईल. कुसळं धरली की नुसती हुंगून सोडंल बग."

"आवं मावशी, ऱ्हाऊ द्या की! अजून वाढंल. आन् मजूर तरी कशाला? दिवाळीला बनीचं आबा रजेवर आलं की दोन दिसांत आडवं करत्याल."

"गवताचं निमित्त व्हय गं?" बयाबाई हसल्या, तशी हरणा लाजली होती.

दिवाळी सरली. गवत कमरेएवढं झालं, पिवळं पडलं, कुसळांनी भरून गेलं. पेंढ्या आता उदंड निघणार होत्या, पण त्यांत कस उरला नव्हता. आणि रजेच्या ऐवजी पलटणीतून तार आली होती. बनीला मात्र अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

आज गाईपुढं टाकायला काडीही शिल्लक नव्हती. बांगड्या नसलेल्या हातानं हरणानं विळा उचलला आणि ती उठली. बनीनं मागून तिचा पदर धरला.

"आई, गवात आबा आल्यावर कापायचं हुतं न्हवं? मग तू का गं निगालीस?"