कापूस

"दोन्ही भावंडांचे पाठीचे कणे वाकलेत, पण मुलीचा जास्त. फुप्फुस दबतंय तिचं. आधी तिच्या पाठीत सळ्या घालू," डॉक्टर म्हणाले.

"आधी मुलाचं करा," शैलाचा नवरा म्हणाला. "पाठीवर एवढा व्रण असलेली पोरगी करून कोण घेणार? पाठीचा बाक पदराखाली झाकला जातो. हिला बघायला गेलो, तेव्हा हिचा वाकडा खांदा लपवायला हिच्या आईनं ब्लाउजमध्ये कापूसच भरला होता. फसलोच की आम्ही."

शैलाला बोलायचं होतं, पण दवाखान्याचा जिना चढून लागलेली धाप बसेपर्यंत नवऱ्यानं मुलासाठी सही करून टाकली.

घरी तिनं मुलीच्या झुकलेल्या खांद्यापाशी फ्रॉकमध्ये कापूस भरून टाके घातले. मुलीनं आरशासमोर गिरकी घेतली.

"आई, दादाच्या आधी मीच सरळ झाले," ती म्हणाली, आणि धापा टाकत खाली बसली.